अजून अर्धा फेरा

दादाने क्लच दाबला होता. हे मी आजही शपथेवर सांगेन, कारण मी त्याच्या डाव्या हाताकडेच बघत होते. खडकाच्या माथ्यावर मोटारसायकल उभी करून तो पायदानांवर ताठ उभा होता. चारही बोटं लिव्हरवर मिटलेली होती, पांढरी पडलेली. तरीही गाडी सरकली. हळू नाही, कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी. पुढचं चाक कडेवरून गेलं, त्यामागे दादा गेला आणि त्याच्यामागून गाडी.

मी खाली पोचले तेव्हा तो गाडीखाली होता. पायदानाचे लोखंडी दाते त्याच्या पोटरीत रुतले होते. इंजिन चालूच होतं आणि मागचं चाक त्याच्या मांडीपासून हातभर अंतरावर फिरत होतं. त्याने प्लगची वायर उपटली, झटका बसला तशी एक घाण शिवी दिली, आणि मग सगळं शांत झालं. रक्त दगडावर पडलं की लगेच काळं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"हात ढिला पडला असेल," घरी आल्यावर बाबा म्हणाले. दादा एका पायावर दारात उभा होता. बाबांनी त्याला आत येऊ दिलं, दार लावलं आणि मग कानशिलात मारली. "ढिला हात. ढिला माणूस."

आमच्या घरात 'ढिला' ही सगळ्यात वाईट शिवी होती.

बाबा सिकंदराबादच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होते. तरुणपणी त्यांनी लावलेला एक नट म्हणे ढिला राहिला होता आणि सुटलेल्या पट्ट्याने शेजारच्या माणसाचा पंजा नेला. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही, आईने सांगितली, तीही भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. तेव्हापासून बाबा कुठलीही गोष्ट घट्ट करायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "अजून अर्धा फेरा." नळ, बरण्यांची झाकणं, सायकलची चाकं, पंख्याचे स्क्रू. आमच्या घरातले सगळे नळ गळायचे, कारण त्यांचे वायसर बाबांच्या हाताने चिरडलेले असायचे. गळू लागले की ते आणखी आवळायचे. आई कपड्यांना साबण लावण्याआधी दोन्ही हातांनी नळाशी झोंबायची. बाबांचं मारणंही तसंच होतं. आपण रडलो, चूक कबूल केली, आता संपलं असं वाटायचं, आणि मग तो शेवटचा एक यायचा.

दादाने डिग्री अर्धवट सोडली होती. त्याला दुसरं काही येत नव्हतं, पण खडकांवर गाडी चालवता येत होती. छावणीतल्या एका म्हाताऱ्या निवृत्त साहेबांच्या बागेला त्याने दोन उन्हाळे पाणी घातलं आणि त्यांनी गॅरेजात पडलेली त्यांची जुनी परदेशी ट्रायल मोटारसायकल त्याला देऊन टाकली. ही शर्यतीची गाडी नव्हे. या खेळात वेगाला किंमत नसते. खडक, उतार, नाल्यातले गोटे यांतून दोन झेंड्यांमधली वाट काढायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला की गुण गेला. गाडी उंच, हाडकुळी, दुधीभोपळ्याएवढ्या टाकीची. बसायला हाताच्या पंजाएवढी गादी, तीही एकट्यापुरती. मागे बसायला जागाच नव्हती.

त्या वर्षांत देशाची दारं उघडली असं पेपरात रोज यायचं. आमच्या चिक्कडपल्लीच्या गल्लीत ते म्हणजे गच्च्यांवरच्या डिश, किराणा दुकानातले थंड पेयांचे नवे फ्रीज आणि शंभर सीसीच्या कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या. अशाच गाड्या काढणाऱ्या एका नव्या कंपनीला पोरं हवी होती. गाडी मोडेपर्यंत खराब रस्त्यांवर चालवायची, असं ते काम. कारखाना उत्तरेत, रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर. त्यांची माणसं पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याच खडकांवर येऊन पोरांचा हात बघणार होती. राहायला खोली मिळणार होती.

दादाला ते काम हवं होतं, कारण ते दूर होतं. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही. पण ती खोली मिळाली नाही तर एक दिवस तो बाबांना मारेल किंवा बाबा त्याला, इतकं मलाही कळत होतं. तो गेला तर बाबांसमोर आई आणि मी उरणार होतो, हेही कळत होतं. ते मी मनातच ठेवलं.

मी तेव्हा कॉलेजात जात होते. शाळा झाली ती नन्सची, इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दखनी, आणि मी या सगळ्यांत मिळून शक्यतो गप्प. बाबा मला "ए कॉन्व्हेंट" म्हणायचे. दादा "मॅडम" म्हणायचा. गाडी दुरुस्त करताना माझं काम लिव्हर दाबून धरण्याचं. "धर मॅडम. सोड मॅडम." माझा डावा पंजा त्यामुळे उजव्याहून मजबूत झाला होता.

पोटरीला टाके पडल्यावर दादा लंगडत नारायणगुड्याला एका मेकॅनिककडे गेला. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी गाडीला मागून आधार द्यायला बरोबर होते. चाचांनी गिअर टाकला, क्लच दाबला, किक मारली. गाडी जागेवरच उसळली आणि चाचांची नडगी शोकेसच्या कडेवर आपटली.

"क्या हौली गाडी है बावा," ते नडगी चोळत म्हणाले, दखनीत हौली म्हणजे खुळी. "प्लेटां जल गए. फेंको इस्को. नवी गाडी लेलो."

"चाचा, फेकने की नक्को बोलो. बनाने की बोलो."

"तो प्लेटां बदलो. और क्या."

त्या गाडीच्या प्लेटा आपल्याकडे मिळत नव्हत्या. चाचांनी दुसऱ्या एका गाडीच्या प्लेटा कानशीने घासून बसवल्या, नट फेरे मोजून होते तिथवरच परत आणले आणि तेच तेल परत ओतलं. काहीच फरक पडला नाही. क्लच दाबला तरी इंजिन चाकाला सोडत नव्हतं. दाबल्यावर दोन्ही सुटी व्हायला हवीत, ती चिकटूनच राहत. न्यूट्रल सापडत नव्हता. उभ्या गाडीने गिअर बदलला की आतून हाड मोडल्यासारखा आवाज यायचा.

अंगणात आमच्या भाड्याच्या पोर्शनसमोर दादाने ती गाडी पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. चौथ्यांदा की पाचव्यांदा गाडी त्याच्या अंगावर आली तेव्हा त्याने तिला पाडलं आणि लाथा घालायला सुरुवात केली. टाक्यांच्या पायाने. पट्टी लाल झाली तरी थांबला नाही. मग पाना उचलून भिरकावला. तो पाण्याच्या ड्रमला लागला आणि ड्रम वरपासून खालपर्यंत चिरला. पाणी अंगणभर झालं. मी म्हटलं, "दादा, एकदा झाकण काढून मला नुसतं बघू दे." त्याने माझा दंड धरून पिरगाळला आणि मला भिंतीवर ढकललं. त्याचा चेहरा त्या वेळी हुबेहूब बाबांचा होता. मला वाटतं, ते त्यालाही कळलं. तो ओल्या फरशीवर बसला आणि म्हणाला, "बघ. बघ तुला काय बघायचंय ते."

मी झाकण काढलं. आत काळं, जाड तेल होतं, काकवीसारखं. मी दादाला लिव्हर दाबायला सांगितलं. आजवर मीच ते दाबत आले होते, त्यामुळे आत काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. क्लचच्या तोंडावर एक गोल ताटली असते. स्प्रिंगा तिला आत दाबून धरतात, तिच्यामागे प्लेटांची चवड. लिव्हर दाबला की ताटली सरळ बाहेर उचलली गेली पाहिजे, म्हणजे प्लेटा सुट्या होतात.

ती तिरकी उचलली जात होती. वरची कड नखभर पुढे, खालची जागच्या जागी. एका बाजूने बिजागरी लावलेल्या पेटीच्या झाकणासारखी.

"सोड," मी म्हटलं. "परत दाब."

परत तसंच.

"प्लेटा वाकल्यात," दादा म्हणाला.

चाचांनी काढून दिलेल्या साहेबांच्या वेळच्या जुन्या प्लेटा आम्ही घेतल्या आणि आईच्या ड्रेसिंग टेबलवरची काच अंगणात आणून एकेक तिच्यावर ठेवली. कडेला बोट दाबलं की वाकलेली प्लेट टकटक करते. एकही वाजली नाही. सगळ्या सपाट. त्यांच्या अंगावर काचेसारखी चमक आली होती, तेवढीच.

मग मी स्प्रिंगांकडे पाहिलं. प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्यावर एक नट असतो आणि त्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून तो मागेपुढे करता येतो. सगळे नट जवळजवळ तळापर्यंत गेलेले. स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना टेकायला आली होती, दाबायला जेमतेम जागा उरली होती. खालचा नट तर इतरांपेक्षाही खोल, तिथली वेटोळी पुरती टेकलेली. आणि खाचांच्या कडा फाटलेल्या, आतलं लोखंड ताजं, चांदीसारखं.

या नटांच्या मधोमध खिळ्यासारखं टोक असतं, त्यामुळे साधा स्क्रू ड्रायव्हर बसत नाही. मधे खाच घासून दोन दातांचा करावा लागतो. तसा आमच्या घरात एकच होता. बाबांनी घासलेला. त्यांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून.

दादानेही ते पाहिलं. आधीच्या महिन्यात तो जेवताना म्हणाला होता की चढाला क्लच घसरतो, इंजिन ओरडतं पण गाडी दम धरत नाही. बाबा तेव्हा घास चावत होते. म्हणजे तो बाहेर असताना त्यांनी गाडी उघडली होती. त्याच्यासाठी. स्प्रिंगा आवळल्या, मग अजून अर्धा फेरा. आणि घसरू नये म्हणून भरीला ते जाड तेल.

दादा उठला. त्याच्या हातात हातोडी होती, आणि बाबा आत पंख्याखाली पेपर वाचत होते. मी त्याच्या पायजम्याचं टोक धरलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"आधी गाडी," मी म्हटलं. "मग काय ते कर."

"त्याने मला मारलं असतं, कळतंय का तुला? त्या खडकावरून..."

"कळतंय. आधी गाडी."

हातोडी त्याने फरशीवर टाकली. फरशीचा टवका उडाला.

बाबा कामावर गेले की आम्ही बसायचो. तो स्क्रू ड्रायव्हर मी पेटीतून काढायची आणि ते यायच्या आत तसाच फडक्यात गुंडाळून ठेवायची. जाड तेल काढलं. प्लेटांची चमक मी पॉलिश पेपरवर घासून काढली, मग त्या पेट्रोलात धुतल्या. नखांभोवतीची कातडी पांढरी होऊन फुटली. क्लचच्या ज्या ड्रमच्या खाचांत प्लेटांच्या कडेचे कान बसतात, त्या खाचांच्या भिंतींवर कान आपटून आपटून खड्डे पडले होते. त्यांत कान अडकले की प्लेटा सुटायच्या नाहीत. दादाने ते खड्डे कानशीने सपाट केले. कानशीचा तो आवाज दातांत जायचा. वर राहणाऱ्या घरमालकीणबाई सज्ज्यातून ओरडायच्या, आई खालून "अयिपोयिंदी अम्मा, झालंच," म्हणायची, आणि झालेलं नसायचं.

मग पातळ तेल, आणि नट. सगळे मोकळे केले आणि थोडे थोडे आत घेतले. क्लच दाबून किक मारायची. इंजिन फिरलं तर क्लच अजून धरतोय. किक रिकामी खाली गेली तर सुटला. शिवाय ताटली फिरताना डुगडुगता कामा नये. डुगडुगली की जी बाजू मागे राहते तिथला नट थोडा सैल करायचा. मी वाकून ताटलीकडे बघायची आणि सांगायची, "हा. आता हा. पाव फेरा मागे." दादा माझ्या सांगण्याने नट फिरवत होता, हे आम्हा दोघांनाही नवं होतं. मधेच म्हणाला, "मॅडम, माझा जीव तुझ्या डोळ्यांवर टांगलाय. चष्मा पूस."

शेवटी ताटली पाण्यावर ठेवल्यासारखी सरळ फिरली. गल्लीच्या उतारावर दादाने गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबून उभा राहिला. गाडी नुसती थरथरत होती. हलत नव्हती. त्याने लिव्हर बोटभर सोडला आणि गाडी मांजरीसारखी चार पावलं चढली. दादा हसला नाही. तोंड दुसरीकडे वळवलं.

कंपनीची माणसं येणार त्या रविवारी सकाळी मी अंगणात आले तेव्हा बाबा गाडीसमोर उकिडवे बसले होते. झाकण उघडं, हातात तो दोन दातांचा स्क्रू ड्रायव्हर. त्यांनी अंघोळ केली होती, कपाळाला गंध होतं. मुलाचा महत्त्वाचा दिवस म्हणून ते उठून बसले होते.

"कुणी केलं हे?" ते म्हणाले. "सगळं ढिलं करून ठेवलंय. मरायचंय का पोराला?"

"बाबा, ते बरोबर आहे."

"तुला काय कळतं गं कॉन्व्हेंट?" त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पहिल्या नटाला लावला.

मी नटावर हात ठेवला. विचार करून नाही. मला वाटलं, ते थांबतील. त्यांनी माझा हात झटकला, मी परत ठेवला, आणि त्यांचं पूर्ण वजन तोवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर आलं होतं. दोन्ही दात अंगठा आणि तर्जनीच्या मधून आत गेले. दुखलं नाही आधी. हाताला काहीतरी थंड लागलं एवढंच. मग बाबांनी ते उपसलं आणि रक्त ताटलीवर, स्प्रिंगांवर, नव्या पातळ तेलात पडलं.

बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने मला थोबाडीत मारली. "हात कशाला घालतीस मधे?" त्यांचा आवाज चिरला होता.

पुढचं फार भराभर झालं. दादा घरातून आला. त्याने बाबांना बनियनला धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. बाबांचं डोकं खिडकीच्या गजावर लागलं. दादाचे दोन्ही हात त्यांच्या गळ्यावर होते, आणि त्याचा डावा हात, चार बोटं मिटलेला, ओळखीचा होता म्हणून मी बघत राहिले. बाबांचा चेहरा निळसर झाला. त्यांनी प्रतिकार केला नाही. आई दारात उभी होती, हातात पोळीचं पीठ. वरून सज्ज्यातून विचारणा आली, "एमयिंदी अम्मा, काय झालं?" आई म्हणाली, "एमी लेदु. काही नाही." सवयीने म्हणाली.

मी ओरडले असते तर त्याने आणखी आवळलं असतं. त्याला ओरडण्याची सवय होती. मी त्याच्याजवळ गेले आणि रोज लिव्हर धरताना बोलायची त्याच आवाजात म्हटलं, "दादा, उशीर होतोय. ते लोक येऊन बसले असतील."

त्याच्या बोटांना ते ऐकायला वेळ लागला. मग ती उघडली. बाबा भिंतीला घासत खाली बसले आणि खोकत राहिले.

आईने माझ्या हाताला जुन्या पातळाची चिंधी बांधली. आम्ही सांडलेलं रक्त फडक्याने पुसलं, ताटली एकदा फिरवून बघितली, झाकण लावलं. बाबा तिथेच बसून बघत होते. मी दादाच्या एका मित्राच्या स्कूटरवर मागे बसून खडकांकडे गेले. त्याने चिंधीबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं, काच लागली.

दादा त्याच खडकावर चढला. तोच माथा, तीच कड. कंपनीची माणसं छत्रीखाली उभी होती. त्याने गाडी आणून कडेवर थांबवली, पायदानांवर ताठ उभा राहिला आणि बोटं मिटली. गाडी थांबली. तो तिथे इतका वेळ उभा राहिला की मला कळलं, आता हे त्या माणसांसाठी नाही. मग त्याने पुढचं चाक उचलून कडेच्या बाजूला वळवलं आणि दुसऱ्या अंगाने सावकाश उतरला. पाय कुठेच टेकला नाही. माझ्या चिंधीतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं, हे मी तेव्हा पाहिलं.

त्याची निवड झाल्याचं कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर कळलं. तो सिकंदराबादहून रेल्वेने गेला. बाबा स्टेशनवर आले नाहीत. मी गेले. निघताना दादा म्हणाला, "गाडी तुला." मी हो म्हटलं. बाबांसमोर आता आई आणि मीच उरणार, हे त्याच्या मनात आलेलं मला दिसत होतं, आणि माझ्या मनातलं त्याला. त्याने माझा चांगला हात दाबला आणि खिडकीकडे तोंड केलं.

तो गेला म्हणून घरातलं मारणं थांबलं नाही. कमी झालं असंही म्हणवत नाही. फक्त आता ते दादावरून फिरून यायचं नाही, सरळ आमच्यावर यायचं. आईच्या मनगटावर एकदा बांगड्या फुटल्या, तिने काचा वेचल्या आणि भात लावला.

काही आठवड्यांनी संध्याकाळी मी कॉलेजातून आले तेव्हा बाबा अंगणात गाडीपाशी बसले होते. फडकं उलगडलेलं, झाकणाचे स्क्रू काढायला घेतलेले. मी दप्तर खाली ठेवलं आणि गाडीच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"बाबा, तिला हात लावू नका."

त्यांनी उठून मारलं. कान बधिर झाला. मी गाडीची टाकी धरली आणि पडले नाही. त्यांनी पुन्हा हात उचलला. मी माझा हात वर केला नाही, तो टाकीवरच होता, आणि अंगठ्याजवळचे दोन गुलाबी डाग त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांचा हात काही वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो परत मारला, पण उघड्या पंजाने नाही, बोटांच्या टोकांनी, माझ्या खांद्यावर, रस्त्यातून ढोर हाकलावं तसा.

"ढिली राहील ती," ते म्हणाले.

"राहू द्या."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर फडक्यात गुंडाळला आणि आत गेले. थोड्या वेळाने मोरीतून नळ आवळल्याचा आवाज आला. मी झाकणाचे स्क्रू एकेक करून परत बसवले. स्क्रू बसला की हात तिथेच थांबवत गेले.